शाळा सुटल्यानंतरचा भूकंप

१० मार्च १९३३ हा शुक्रवार होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, लाँग बीच नावाचे शहर आहे. त्या दिवशी तिथल्या शाळा नेहमीप्रमाणे दुपारी सुटल्या. मुले घरी गेली. शिपायांनी वर्ग बंद केले. संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी जमीन हादरली. जोराचे हादरे काही सेकंदच टिकले, पण तेवढ्यात लाँग बीच, कॉम्प्टन आणि आसपासच्या गावांतील विटांच्या इमारती ढासळल्या. सुमारे १२० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळजण घाबरून घराबाहेर वा दुकानाबाहेर धावले होते आणि वरून पडणाऱ्या विटांखाली सापडले होते.

दुसऱ्या दिवशी लोक पडझड पाहायला बाहेर पडले, तेव्हा सर्वांत भयंकर दृश्य शाळांचे होते. सुमारे ७० शाळा पार उद्ध्वस्त झाल्या होत्या आणि आणखी १२० शाळांचे मोठे नुकसान झाले होते. जेफरसन ज्युनियर हायस्कूलसारख्या मोठ्या शाळेच्या भिंती कोसळून आतले वर्ग उघडे पडले होते. बाकांवर विटांचे ढीग होते. ज्या दरवाजांतून मुले बाहेर पळाली असती, त्या दरवाजांपुढेच सर्वांत मोठे ढिगारे होते. हाच भूकंप तीन-चार तास आधी झाला असता तर? हा प्रश्न त्या दिवशी प्रत्येक आईबापाच्या मनात आला असणार.

भूकंप होऊन गेला, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि लोक हळूहळू विसरले, असे बहुतेक ठिकाणी होते. इथे तसे झाले नाही. बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल १९३३ रोजी, कॅलिफोर्नियात शाळांच्या इमारतींसाठी एक कायदा झाला. तो कसा होता, त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे आपण या लेखात पाहू. सुरक्षित शाळा म्हणजे नेमके काय, याचे एक उत्तर त्या इतिहासात आहे.

देखण्या इमारती का पडल्या?

पडलेल्या शाळा काही मोडकळीला आलेल्या नव्हत्या. अनेक शाळा तर गावाची शान होत्या. जाड विटांच्या भिंती, उंच खिडक्या, प्रवेशद्वारावर नक्षीकाम आणि छताच्या कडेने विटांचा कठडा, असे त्यांचे रूप होते. त्या उभ्या होत्या कारण स्वतःचे वजन त्या नीट पेलत होत्या. वजन खालच्या दिशेने असते आणि वीट दाब उत्तम सहन करते. शेकडो वर्षे गवंडी याच ज्ञानावर बांधत आले आहेत.

भूकंपात जमीन मुख्यतः आडवी हलते. बस एकदम सुरू झाली की उभा प्रवासी मागे कलतो, ते जडत्वामुळे. इमारतीचेही तसेच होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचा भाग मागे राहू पाहतो आणि इमारतीवर आडवे बल येते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार हे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते. म्हणजे इमारत जितकी जड, तितका तिला बसणारा आडवा धक्का मोठा. एरवी आपण जड भिंतीला भक्कम म्हणतो, पण भूकंपात तोच जडपणा तिच्यावर उलटतो.

हे आडवे बल भिंत वाकवू पाहते, तेव्हा विटांच्या सांध्यांवर ताण येतो. ताण सहन करण्याची विटेची व चुन्याची शक्ती फारच थोडी. लाँग बीचच्या कित्येक इमारतींत सांध्यांतला माल इतका कच्चा होता की विटा सहज सुट्या झाल्या. भिंती कोपऱ्यांत एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नव्हत्या. छत भिंतींवर नुसते टेकलेले होते. त्यामुळे प्रत्येक भिंत आपापली स्वतंत्र हलली आणि बाहेर कोसळली. कठडे तर सर्वांत आधी पडले, कारण त्यांना वरून कसलाच आधार नव्हता.

यांतले काहीही तेव्हा नव्याने कळलेले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोचा १९०६ चा भूकंप आणि सांता बार्बाराचा १९२५ चा भूकंप अभियंत्यांनी अभ्यासला होता. पहिला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी झाला, दुसरा सकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. धोका होता, पण घड्याळाने तो झाकून ठेवला होता.

एका महिन्यात झालेला कायदा

डॉन फील्ड या विधानसभा सदस्याने कायद्याचा मसुदा मांडला, म्हणून तो ‘फील्ड कायदा’ या नावाने ओळखला जातो. तो पब्लिक स्कूल्ससाठी होता. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटले की भरमसाट फी घेणारी खाजगी शाळा डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याचा अर्थ उलटा आहे. लोकांच्या करांतून चालणारी, सर्वांना मोफत असणारी शाळा म्हणजे पब्लिक स्कूल. आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेसारखी.

या कायद्यामागचा विचार साधा, पण फार मोलाचा होता. मुलाने शाळेत जावे ही सरकारची सक्ती आहे. दुकानात जायचे की नाही, नाटकाला बसायचे की नाही, हे माणूस स्वतः ठरवतो. शाळकरी मुलाला ती मोकळीक नाही. ज्या इमारतीत सरकार मुलाला सक्तीने बसवते, ती इमारत त्याच्या अंगावर पडणार नाही हे पाहणे सरकारचे कर्तव्य ठरते.

कायद्याचे तीन खांब होते. पहिला, शाळेचा आराखडा पात्र वास्तुविशारदाने किंवा बांधकाम अभियंत्याने केला पाहिजे आणि आडव्या बलाचा हिशोब त्यात असला पाहिजे. दुसरा, तो आराखडा राज्य सरकारच्या वास्तुविभागातील अभियंत्यांनी तपासून मंजूर केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. तिसरा, बांधकाम चालू असताना एका निरीक्षकाने जागेवर सतत देखरेख करायची. हा निरीक्षक ठेकेदाराचा माणूस नसावा. काम पुरे झाल्यावर वास्तुविशारद, अभियंता, निरीक्षक आणि ठेकेदार या सर्वांनी ‘काम मंजूर आराखड्याप्रमाणे झाले आहे’ असे लिहून द्यायचे. ते खोटे निघाले तर खोटी शपथ घेतल्याचा गुन्हा.

त्याच वर्षी मे महिन्यात रायली कायदा नावाचा दुसरा कायदा झाला. तो इतर बहुतेक इमारतींसाठी होता. इमारतीच्या वजनाच्या किमान २ टक्के आडवे बल धरून बांधकाम करावे, असे त्याने सांगितले. शाळांचे नियम अधिक कडक होते. सांगाडा नसलेल्या विटांच्या शाळेसाठी वजनाच्या १० टक्के बल धरावे लागे. इमारत १०० टन वजनाची असेल, तर ती २ टनांऐवजी १० टनांचा आडवा रेटा सोसेल अशी बांधायची. विटांच्या शाळा त्यामुळे महाग पडू लागल्या आणि लाकडाच्या, काँक्रीटच्या व पोलादी सांगाड्याच्या बुटक्या शाळा अधिक बांधल्या जाऊ लागल्या.

तो मंदीचा काळ होता. भूकंपाच्या आठवड्यात तर देशभरातील बँका बंद होत्या. लाँग बीचची मुले कित्येक महिने तंबूंत शिकली. तरीही नव्या शाळा नव्या नियमांनी उभ्या राहिल्या. त्यासाठी केंद्र सरकारच्या सार्वजनिक बांधकाम योजनांतून पैसाही मिळाला.

हादऱ्याचे मोजमाप

२ टक्के किंवा १० टक्के हे आकडे तेव्हा बरेचसे अनुभवावरून ठरवलेले होते. जमीन प्रत्यक्षात किती त्वरणाने हलते, हे कोणी मोजलेच नव्हते. दूरच्या भूकंपाची नोंद घेणारी नाजूक उपकरणे होती, पण जवळच्या मोठ्या हादऱ्यात ती निकामी होत. जोरदार हादरा नोंदवणारे त्वरणमापक १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात बसवले गेले आणि काही महिन्यांतच लाँग बीचचा भूकंप झाला. मोठ्या हादऱ्याच्या त्वरणाची जगातली पहिली नोंद ती हीच. रिश्टर यांनी आपले प्रसिद्ध मापनही दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, याच भागात पॅसाडेना येथे मांडले. आजच्या पद्धतीने लाँग बीच भूकंपाची महत्ता सुमारे ६.४ येते.

१८ मे १९४० रोजी एल सेंट्रो गावी झालेल्या भूकंपाची नोंद याहून महत्त्वाची ठरली. तिथे जमिनीचे त्वरण गुरुत्व-त्वरणाच्या सुमारे एक तृतीयांश भरले, म्हणजे नियमांत धरलेल्या बलापेक्षा कितीतरी जास्त. मग नव्या शाळा टिकल्या कशा? एक कारण असे, की लोखंडी सळ्या आणि पक्के सांधे असलेली इमारत काही प्रमाणात वाकते, तडकते आणि ऊर्जा शोषून घेते, पण एकदम कोसळत नाही. दुसरे कारण, आराखड्यात जे लिहिले होते ते खरोखरच बांधले गेले होते. सळई कागदावर होती तशी भिंतीतही होती. निरीक्षकाचे महत्त्व इथे कळते.

जुन्या शाळांचे काय?

फील्ड कायद्याची मोठी उणीव अशी की तो नव्या शाळांसाठी होता. १९३३ पूर्वीच्या शेकडो इमारती तशाच वापरात राहिल्या. १९३९ मध्ये दुसरा कायदा आला. जुनी शाळा तपासणीत असुरक्षित ठरली तर ती दुरुस्त करावी किंवा सोडावी, असे त्यात होते. पण पक्की मुदत नव्हती आणि पैशाची सोय नव्हती. मुदत घालून देणारे कायदे १९६७ पासून पुढे झाले आणि १९७० च्या दशकात जुन्या शाळा अखेर रिकाम्या झाल्या किंवा मजबूत केल्या गेल्या. ‘नवे नीट बांधू’ हे एका महिन्यात ठरले, ‘जुने नीट करू’ याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. खाजगी शाळांसाठी तसाच कायदा व्हायला १९८६ साल उजाडले.

मधल्या काळात भूकंप येतच होते. १९५२ चा कर्न परगण्यातील भूकंप पहाटे ४ वाजून ५२ मिनिटांनी झाला, तोही उन्हाळ्याच्या सुट्टीत. जुन्या विटांच्या शाळांचे त्यात फार नुकसान झाले. नव्या नियमांच्या शाळांना किरकोळ इजा झाली. सॅन फर्नांडोचा १९७१ चा भूकंप सकाळी ६ वाजता झाला. नॉर्थरिजचा १९९४ चा भूकंप पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी झाला. फील्ड कायद्याप्रमाणे बांधलेली एकही शाळा यांत कोसळली नाही. पण नॉर्थरिजच्या वेळी अनेक वर्गांत छताला टांगलेले जड दिवे खाली बाकांवर पडलेले आढळले. इमारत उभी राहिली म्हणजे मूल सुरक्षित राहिले असे नाही, हा नवा धडा त्यातून मिळाला.

कायदाही आपोआप जिवंत राहत नाही. २०११ मध्ये पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा कॅलिफोर्नियातील शाळांच्या हजारो बांधकामांना अंतिम प्रमाणपत्रच मिळालेले नाही असे उघड झाले. तपासणाऱ्यांचीही तपासणी लागते.

घड्याळाने साथ सोडली तेव्हा

कॅलिफोर्नियाला वेळेने पुन्हा पुन्हा वाचवले. इतरांना वाचवले नाही. इटलीतील सॅन जुलियानो दी पुलिया या छोट्या गावात ३१ ऑक्टोबर २००२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास भूकंप झाला. गावातली इतर घरे बहुतेक उभी राहिली, शाळा मात्र कोसळली. २७ मुले आणि एक शिक्षिका गेली. त्या जुन्या इमारतीवर काही काळापूर्वीच आणखी एक मजला चढवलेला होता. वर वजन वाढले होते, खालच्या भिंती त्याच होत्या.

१२ मे २००८ रोजी चीनमधील सिचुआन प्रांतात दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी भूकंप झाला. दुपारचे वर्ग भरलेले होते. सरकारने नंतर जाहीर केलेल्या आकड्यांनुसार ५,३३५ विद्यार्थी मृत किंवा बेपत्ता झाले. शेजारच्या इमारती उभ्या आणि शाळा तेवढी भुईसपाट, असे काही ठिकाणी दिसले. पालकांनी विचारलेला प्रश्न भूगर्भशास्त्राचा नव्हता. सळ्या कुठे गेल्या, असे ते विचारत होते.

आता आपल्याकडे येऊ. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे, चारच्या सुमारास झाला. दोन्ही वेळा शाळा रिकाम्या होत्या. पण किल्लारीत ही वेळ मुलांच्या उपयोगी पडली नाही. ती घरात झोपलेली होती आणि जाड दगडमातीच्या भिंती व मातीचे जड माळवद त्यांच्या अंगावर आले. सुमारे ८,००० माणसे गेली. जडपणाचा जो धडा लाँग बीचच्या विटांनी शिकवला, तोच इथे दगडांनी शिकवला.

गुजरातेतील २६ जानेवारी २००१ चा भूकंप सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झाला. प्रजासत्ताक दिन असल्याने वर्ग भरलेले नव्हते. तरीही ९७१ विद्यार्थी आणि ३१ शिक्षक मृत्यू पावले. अंजार येथे मुलांची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली असताना दोन्ही बाजूंच्या इमारती तिच्यावर कोसळल्या. तो कामकाजाचा दिवस असता तर आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाही करवत नाही.

आपल्याकडे शास्त्र नाही असे मुळीच नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत शाळेसाठी आडवे बल साध्या घराच्या दीडपट धरावे असे सांगितले आहे. कायदाही आहे. कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितले, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदाही लागू झाला. म्हणजे कॅलिफोर्नियातला १९३३ चा युक्तिवाद आता शब्दशः आपल्याला लागू आहे. मुलाला सक्तीने आत बसवायचे, तर छताची हमी द्यायला हवी. मानक आणि न्यायनिवाडा यांच्या पुढची पायरी तिसऱ्या खांबाची आहे. भिंत उभी राहताना तिथे कोण उभे होते आणि कोणी सही केली?

वर्गात करून पाहण्यासारखे

हा विषय विद्यार्थ्यांना हाताने कळू शकतो. एका पाटीखाली दहा-बारा गोट्या ठेवा. पाटी आडवी सरकू लागेल. रिकाम्या काडेपेट्या वाळूने भरून त्यांच्या चार भिंतींची एक खोली पाटीवर रचा आणि पाटी हळूहळू पुढेमागे हलवा. कोणती भिंत आधी पडते, कोपरे कसे उघडतात, हे मुलांना टिपून ठेवू द्या. मग तीच खोली पुन्हा रचा आणि वरच्या थराखाली चारही भिंतींभोवती रबराचा पट्टा चढवून पुन्हा हलवा. भिंती आता एकमेकींना धरून राहतात. भूकंपरोधक बांधकामात जोत्यावर, दार-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही भिंतींतून सलग फिरवलेला काँक्रीटचा पट्टा हेच काम करतो. शेवटी खोलीवर एक जाड पुस्तक ठेवून तिसऱ्यांदा हलवा. माळवदाचे आणि चढवलेल्या मजल्याचे गणित लगेच दिसेल.

त्यानंतर मुलांना घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. दारावर सुटा कठडा किंवा कुंड्या आहेत का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? कपाटे भिंतीला जखडलेली आहेत का, की कोणाच्या तरी बाकामागे नुसती उभी आहेत? दार बाहेर उघडते का आणि त्याच्यापुढे काय रचून ठेवले आहे? जे दिसेल ते वहीत तारखेसह लिहा. कपाट जखडणे, दारापुढची अडगळ हलवणे ही कामे त्याच आठवड्यात शाळेत होतात. भेगांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीने शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि तिथून बांधकाम विभागाकडे जाऊ द्या. भेग धोक्याची आहे की वरवरची, हे ठरवणे अभियंत्याचे काम आहे. ती पाहून कळवणे आपले आहे. शाळेत नवी खोली किंवा वरचा मजला बांधायचा ठरला, तर काम सुरू होण्याआधी एवढेच विचारा: आराखडा कोणी तपासला आणि रोज जागेवर कोण पाहणार?

लाँग बीचच्या शिक्षकांनी १९३३ च्या त्या शुक्रवारी दुपारी वर्गाला कुलूप लावले, तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नव्हते. सोमवारी उघडायला ते वर्ग उरले नव्हते, मुले मात्र उरली होती. तिथल्या लोकांनी याला दैव म्हणून सोडून दिले नाही, हे त्यांचे मोठेपण. पुढच्या भूकंपाची वेळ कोणालाच सांगता येत नाही. तो शाळा सुटल्यानंतरच येईल असे धरून कोणतीही शाळा बांधू नये.